काटकोनांची भिंत

मुलांनो, तसबिरी मढवून देणाऱ्या दुकानात तुम्ही कधी गेला आहात का? बाजारपेठेच्या गावात असे एखादे दुकान बहुधा असतेच. कुणी देवाची तसबीर घेऊन येतो, कुणी शाळेत मिळालेले प्रशस्तिपत्रक, कुणी लग्नातला फोटो, तर कुणी आजोबांचे एकुलते एक उरलेले, कडा दुमडलेले छायाचित्र. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा सुरू झाली, मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. अशा छापखान्यांमुळे रंगीत चित्रे साध्या घरांनाही परवडू लागली. ती मढवून भिंतीवर लावण्याची हौस तेव्हापासून आपल्याकडे वाढतच गेली.

या दुकानात पाऊल टाकले, की समोरच्या भिंतीकडे लक्ष जाते. ती भिंत लहान लहान काटकोनांनी भरलेली असते. काही रुंद, काही अरुंद; काही सोनेरी, काही काळे, काही शिसवी रंगाचे; एखाद्यावर वेलबुट्टी, तर दुसरा अगदी साधा. हे चौकटीच्या पट्ट्यांचे नमुने. गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणते, “तो तिसऱ्या ओळीतला सोनेरी करा.” आठ दिवसांनी चौकट घरी येते आणि घरातली माणसे म्हणतात, “दुकानात तर हा रंग वेगळाच दिसत होता!”

दुकानदाराने पट्टी बदलली का? बहुतेक वेळा नाही. पट्टी तीच असते. बदललेले असतात ते तिच्या शेजारचे रंग, तिच्यावर पडणारा प्रकाश आणि तिचा आकार. म्हणून नमुने भिंतीवर लावणे ही नुसती सजावट नव्हे. नमुना म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. तो खरा ठरायला हवा असेल, तर नमुन्यांची मांडणी प्रयोगशाळेतील प्रयोगासारखी काळजीने करावी लागते. या मांडणीत भूमिती आहे, प्रकाशशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि डोळ्यांचे शास्त्र तर आहेच. चला, एकेक नमुना भिंतीवरून काढून पाहू.

नमुना काटकोनीच का?

पट्टीचा सरळ तुकडा भिंतीवर लावला असता, तर काम सोपे झाले असते. मग दोन तुकडे जोडून काटकोन करण्याचा खटाटोप कशासाठी? कारण चौकटीची खरी परीक्षा तिच्या कोपऱ्यात होते. दोन पट्ट्या तिथे भेटतात, तेव्हा वेलबुट्टी नीट जुळते की मध्येच तुटते, सांधा दिसतो की लपतो, हे सरळ तुकड्यावरून कळत नाही.

प्रत्येक पट्टीचे टोक ४५ अंशांत तिरके कापलेले असते. अशी दोन टोके जोडली, की ९० अंशांचा कोपरा होतो. चार कोपरे, म्हणजे एकूण आठ काप. आता गंमत पहा. समजा, कारागिराच्या यंत्राचा कोन थोडासा चुकला आणि प्रत्येक काप ४५ ऐवजी ४४.५ अंशांचा झाला. अर्ध्या अंशाची चूक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश व्हायला हवी, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. इथे प्रत्येक कोपरा ८९ अंशांचा झाला, म्हणून बेरीज ३५६ अंशच भरली. कारागीर पहिले तीन कोपरे घट्ट जोडतो आणि उरलेल्या ४ अंशांची सगळी फट चौथ्या कोपऱ्यात उघडी पडते. पट्टी ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर तिरक्या कापाची लांबी सुमारे ७ सेंटिमीटर होते आणि एका टोकाशी ही फट जवळजवळ ५ मिलिमीटर रुंद असते. चुका कशा साठत जातात, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. मात्र सगळ्या दिशांना सारखे नाही. धाग्यांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ बदलत नाही. आडव्या दिशेने मात्र कितीतरी पट अधिक बदलते. त्यामुळे पट्टीची रुंदी पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात घटते, लांबी तेवढीच राहते आणि ४५ अंशांचा काप नेमका ४५ अंशांचा राहत नाही. रुंद पट्टीत हा फरक अधिक दिसतो. म्हणूनच चार पावसाळे भिंतीवर काढलेला आणि तरीही सांधा न उघडलेला नमुना हा फार विश्वासाचा नमुना समजावा. हल्ली पुष्कळ पट्ट्या लाकडाच्या नसून पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या असतात. त्या ओलाव्याने अशा फुगत नाहीत. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून चांगला दुकानदार नमुन्याच्या पाठीवर पट्टीचा क्रमांक आणि रुंदी यांच्याबरोबर ती कशाची आहे तेही लिहून ठेवतो.

रुंदी लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. समजा, तुमचे चित्र ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. त्याची परिमिती १४० सेंटिमीटर. पण पट्टी तेवढीच लागेल का? नाही. ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी चारी बाजूंना लागली, की बाहेरचा आयत ४० बाय ५० सेंटिमीटरचा होतो आणि त्याची परिमिती १८० सेंटिमीटर भरते. म्हणजे पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी जास्त लागली. रुंद पट्टी दरानेही महाग आणि लागतेही अधिक. म्हणून नमुने रुंदीच्या क्रमाने लावले असले, तर खर्चाचा अंदाज भिंतीकडे पाहूनच येतो.

एका कोपऱ्यातून पूर्ण चौकट

काटकोनी नमुना चित्राच्या एका कोपऱ्यावर ठेवून पाहता येतो, पण पूर्ण चौकट कशी दिसेल? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. दोन सारखे सपाट आरसे घ्या आणि उघड्या पुस्तकाच्या पानांसारखे, एकमेकांशी काटकोन करून टेबलावर उभे ठेवा. आता नमुना टेबलावर आडवा ठेवा. त्याचा कोपरा तुमच्या बाजूला येऊ द्या आणि दोन्ही मोकळी टोके एकेका आरशाला टेकवा. आरशात पहा. समोर पूर्ण चौकट दिसेल!

असे का व्हावे? दोन आरशांत ९० अंशांचा कोन असला, की वस्तूच्या तीन प्रतिमा दिसतात. ३६० ला ९० ने भागले तर उत्तर ४ येते. त्यांपैकी एक खरी वस्तू, बाकीच्या तीन प्रतिमा. एक खरा कोपरा आणि तीन प्रतिमा मिळून चार कोपरे झाले. जाड पुठ्ठ्याचा काटकोन कापूनही हा प्रयोग घरी करता येईल.

अंगठ्याएवढी नजर

आता रंगांकडे वळू. भिंतीवर पन्नास नमुने असले, तर ते कोणत्या क्रमाने लावावेत?

हात पुढे लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे पहा. त्या नखाएवढाच भाग तुमचा डोळा एका वेळी अगदी स्पष्ट पाहू शकतो. दृष्टिपटलाच्या मधोमध एक लहानसा खळगा आहे. तिथे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींची सर्वांत दाट गर्दी असते. या खळग्याचे क्षेत्र सुमारे दोन अंशांचे, म्हणजे हातभर अंतरावर साधारण दोन सेंटिमीटरचे. बाकीची भिंत आपल्याला ‘दिसते’ खरी, पण पुसटच. डोळा सारखा इकडून तिकडे उड्या मारून चित्र पुरे करत असतो.

त्यामुळे एक गोष्ट होते. दोन तपकिरी नमुने भिंतीच्या दोन टोकांना असतील, तर पहिल्यावरून दुसऱ्यावर नजर नेईपर्यंत पहिल्याची आठवण ठेवावी लागते. रंगाच्या बाबतीत आपली आठवण मोठी कच्ची असते. पण तेच दोन नमुने एकमेकांना चिकटवून धरले, तर “अरे, हा तांबूस आहे आणि तो काळपट” असे लहान मूलही सांगेल. म्हणून जवळजवळच्या छटा शेजारीशेजारी लावतात. सगळे सोनेरी एकत्र, सगळे तपकिरी एकत्र, आणि प्रत्येक गटात फिक्याकडून गडदाकडे. असा क्रम लावल्याने भिंत सुंदर दिसते हे खरे, पण त्याचा मुख्य उपयोग तुलना सोपी होण्यासाठी आहे.

काळ्या लोकरीचे कोडे

पण शेजारीशेजारी लावण्यातही एक फसगत आहे. ती ज्याने शोधून काढली, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा, भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणारा प्रसिद्ध कारखाना आहे. १८२४ साली तेथील रंगकामाचा प्रमुख म्हणून मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्याच्याकडे तक्रार आली, की निळ्या आणि जांभळ्या कापडाच्या सावल्या विणण्यासाठी लागणारी काळी लोकर पुरेशी काळी रंगवली जात नाही. शेव्रलने इतर कारखान्यांतील काळी लोकर आणून ताडून पाहिली. गोब्लँची लोकर कुठेही कमी नव्हती! मग त्याच्या ध्यानात आले, की दोष रंगाचा नसून शेजाऱ्याचा आहे. काळ्या धाग्याशेजारी निळा किंवा जांभळा धागा आला, की काळ्याचा जोर कमी झाल्यासारखा वाटतो. या विषयावर त्याने अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या चित्राला कोणती चौकट शोभेल, याचाही विचार त्याने त्यात केला आहे. हा शेव्रल १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली, १०२ वर्षांचा होऊन वारला.

त्याने सांगितलेला नियम तुम्ही आत्ता पडताळू शकता. एकाच राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक पांढऱ्या कागदावर मधोमध ठेवा, दुसरा काळ्यावर. पांढऱ्यावरचा गडद दिसेल, काळ्यावरचा फिका. आता एक चौकोन लाल घोटीव कागदावर आणि दुसरा हिरव्यावर ठेवून पहा. लालावरच्या राखाडीत किंचित हिरवट झाक येईल, हिरव्यावरच्या राखाडीत किंचित लालसर. कागद मात्र एकच आहे!

याचे एक कारण दृष्टिपटलातच आहे. तेथील एक पेशी उत्तेजित झाली, की ती शेजारच्या पेशींचा जोर थोडा दाबते. त्यामुळे डोळा उजेड किती आहे हे मोजण्यापेक्षा शेजारच्यापेक्षा किती कमीजास्त आहे हेच अधिक सांगतो. हाल्डन केफर हार्टलाइन या शास्त्रज्ञाने लिम्युलस या समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली. दृष्टीच्या अभ्यासाबद्दल त्याला १९६७ सालचे नोबेल पारितोषिक दोन अन्य शास्त्रज्ञांबरोबर मिळाले.

आता दुकानातील भिंतीला कोणता रंग द्यावा, हे तुम्हीच सांगू शकाल. भिंत गुलाबी असेल, तर तिच्यावरचा प्रत्येक नमुना थोडा हिरवट वाटेल. झगझगीत पांढरी असेल, तर सारे नमुने आहेत त्याहून काळपट वाटतील. म्हणून फिकट राखाडी रंग सर्वांत निःपक्षपाती. छापखान्यातही छापलेले रंग तपासताना भोवतालची जागा राखाडी ठेवण्याचा प्रघात आहे.

दिवा बदलला की रंग बदलला

आपल्या डोळ्यांत शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. ढोबळमानाने पाहिले, तर एक प्रकार लांब लहरींच्या प्रकाशाला, दुसरा मध्यम आणि तिसरा आखूड लहरींच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो. या तिघांकडून किती संदेश आला, एवढ्यावरून मेंदू रंग ठरवतो. पण तेवढेच संदेश वेगवेगळ्या लहरींच्या मिश्रणांनीही मिळू शकतात. म्हणजे दोन वस्तू प्रकाशाच्या वेगवेगळ्या लहरी परावर्तित करूनही डोळ्याला अगदी एकसारख्या दिसू शकतात!

समजा, एक पट्टी तेलपाणी केलेल्या सागवानाची आहे आणि दुसरीवर लाकडाचे चित्र छापलेले प्लॅस्टिकचे पापुद्रे चिकटवलेले आहे. दुकानातील दिव्याखाली दोन्ही हुबेहूब जुळतात. दारात उन्हाच्या उजेडात नेल्यावर मात्र एक तांबूस आणि दुसरी हिरवट दिसू शकते. कारण दिव्याच्या प्रकाशातील लहरींचे प्रमाण निराळे आणि सूर्यप्रकाशातील निराळे. जुन्या तारेच्या दिव्याचा प्रकाश पिवळसर, ढगाळ दिवसाचा निळसर, आणि एलईडी दिवे तर दोन्ही तऱ्हांचे मिळतात.

म्हणून नमुने भिंतीवर खिळे ठोकून कायमचे बसवू नयेत. सहज काढता येतील असे लावावेत. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी वेल्क्रोची पट्टी वापरतात. तिच्या एका बाजूला बारीक आकडे आणि दुसऱ्या बाजूला बारीक फासे असतात. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला ही कल्पना १९४१ साली, रानातून फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना सुचली. नमुना काढा, चित्राला लावा, दारात न्या. चित्र घरी ज्या प्रकाशात टांगायचे आहे, त्या प्रकाशात पाहिलेला रंगच खरा.

भिंतच खोटे बोलू लागते तेव्हा

भिंतीवरच्या नमुन्यांचे आणखी एक दुखणे असते. ते उडतात, म्हणजे त्यांचा रंग उडतो. प्रकाशाचे कण रंगद्रव्याच्या रेणूंवर आदळून त्यांचे बंध तोडतात. अतिनील किरणांच्या कणांत ऊर्जा जास्त असल्याने त्यांचा मारा अधिक कडक. पण नुसता दिसणारा प्रकाशही निरुपद्रवी नसतो.

किती प्रकाश पडला, हे मोजायचे तर प्रकाशाची तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार करतात. प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’मध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात ती सुमारे १ लाख लक्स असते. वस्तुसंग्रहालयात कागदावरची नाजूक चित्रे ५० लक्सच्या मंद प्रकाशात ठेवावीत, असा संकेत आहे. आता हिशेब करू. ५० लक्सचा प्रकाश रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १ लाख २० हजार लक्स-तास. समजा, दुकानाच्या भिंतीवर ५०० लक्स प्रकाश आहे आणि दुकान रोज १० तास, ३०० दिवस उघडे असते. गुणाकार होतो १५ लाख लक्स-तास. म्हणजे संग्रहालयात साडेबारा वर्षांत जेवढा प्रकाश पडेल, तेवढा या भिंतीवर एका वर्षात पडतो. दाराजवळच्या नमुन्यांवर त्याहूनही अधिक.

मग होते काय? दाराजवळचा मरून रंगाचा नमुना तीन वर्षांनी विटकरी होतो. गिऱ्हाइकाला तो विटकरी रंगच आवडतो. कारखान्यातून आलेली ताजी पट्टी मात्र मरून असते! यावर उपाय सोपे आहेत. भिंतीवर थेट ऊन येऊ देऊ नये, नमुन्याच्या पाठीवर तो लावल्याची तारीख लिहावी, आणि वर्षातून एकदा प्रत्येक नमुना कोठारातील ताज्या पट्टीशी ताडून पाहावा. जुळत नसेल तो काढून टाकावा. सोनेरी नमुन्यांवर विशेष लक्ष ठेवावे. खऱ्या सोन्याचा वर्ख हवेने काळवंडत नाही. पण बहुतेक ‘सोनेरी’ पट्ट्यांत सोने नसतेच, आणि पितळेच्या भुकटीचा रंग असेल तर तो हळूहळू काळा पडतो.

तुम्हीही हे करून पहा. लाल, निळा, हिरवा, जांभळा अशा घोटीव कागदांच्या पट्ट्या आणि वर्तमानपत्राची एक पट्टी एका पुठ्ठ्यावर चिकटवा. सगळ्यांचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि पुठ्ठा उन्हाच्या खिडकीत ठेवा. दर आठवड्याला झाकण उचलून पहा आणि वहीत नोंद करा. कोणता रंग आधी उडाला? वर्तमानपत्राचे काय झाले?

काचेचे नमुने

काच दिसू नये म्हणूनच काच निवडायची असते. मग तिचा नमुना मांडायचा कसा?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पुढचा आणि मागचा असे दोन पृष्ठभाग मिळून झाले सुमारे ८ टक्के. चित्र गडद असेल, तर चित्राकडून येणारा प्रकाशच कमी. त्यामुळे या ८ टक्क्यांत समोरची खिडकी, नळीचा दिवा आणि पाहणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसतो. म्हणून काचेचे नमुने नेहमी गडद चित्रावर मांडावेत. चित्राच्या एका भागावर साधी काच, दुसऱ्यावर परावर्तन कमी करणारी काच, आणि मधली पट्टी उघडी. समोर एक दिवा ठेवला, की फरक सांगावा लागत नाही.

परावर्तन कमी करणाऱ्या काचेवर अत्यंत पातळ थर चढवलेला असतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड असतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींविरुद्ध येऊन एकमेकींना बरेचसे पुसून टाकतात. १९३५ साली जर्मनीतील त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला याने भिंगांसाठी असा थर तयार केला.

तिसरा प्रकार खरखरीत, धुरकट काचेचा. तिच्यातही प्रतिबिंब दिसत नाही आणि ती स्वस्त पडते. पण तिचा नमुना चित्रावर टेकवून ठेवला, तर तो गिऱ्हाइकाला फसवतो. बटर पेपरचा तुकडा या पानावर ठेवा. अक्षरे वाचता येतील. आता तो बोटभर वर उचला. अक्षरे पुसट होतील. धुरकट काचेचे तसेच आहे. चित्रापासून ती जितकी दूर, तितके चित्र अंधुक. प्रत्यक्ष चौकटीत काच आणि चित्र यांच्यामध्ये जेवढे अंतर राहणार, तेवढेच अंतर नमुन्यातही राखायला हवे.

पुठ्ठ्याच्या पोटात काय आहे?

चित्र आणि काच यांच्यामध्ये खिडकीसारखा कापलेला पुठ्ठा घालतात, त्याला ‘माउंट’ म्हणतात. त्याने शोभा येते, पण त्याचे खरे काम काच चित्रापासून दूर ठेवण्याचे आहे. छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात तो ओलावा शोषून मऊ आणि चिकट होतो. काच त्याला टेकलेली असेल, तर फोटो काचेला असा चिकटतो, की सोडवताना चेहराच निघून यावा. आजोबांचे एकुलते एक छायाचित्र असेल, तर ते पुन्हा कुठून आणणार?

माउंटचे नमुने बहुधा रंगांच्या क्रमाने लावलेले असतात. पण त्यांच्या वरच्या रंगाइतकेच महत्त्व आतल्या गाभ्याला आहे. स्वस्त पुठ्ठ्यात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन शिल्लक असते. हवा आणि प्रकाश लागून ते पिवळे पडते, आणि असा पुठ्ठा आम्लधर्मी होऊन त्याला टेकलेला कागदही पिवळा आणि ठिसूळ करतो. मघाच्या प्रयोगात वर्तमानपत्राचे झाले तेच. जुन्या तसबिरीत चित्राच्या कडेने तपकिरी रेघ उमटलेली तुम्ही पाहिली असेल. ती या पुठ्ठ्याची करणी. चांगला आम्लविरहित पुठ्ठा कापसाच्या चिंध्यांपासून किंवा शुद्ध केलेल्या लगद्यापासून करतात आणि त्यात बहुधा थोडे कॅल्शियम कार्बोनेट घालतात. म्हणून माउंटचा नमुना तिरका कापून त्याचा गाभा दिसेल असा लावावा, आणि शेजारी दोन वर्षांपूर्वीचा स्वस्त पुठ्ठ्याचा तुकडाही तसाच लावावा. पिवळी पडलेली कड पाहिली, की अधिक बोलावे लागत नाही.

नमुने किती असावेत?

जितके जास्त तितके चांगले, असे वाटते ना? अमेरिकेतील शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका दुकानात त्यांनी कधी २४ प्रकारचे, तर कधी ६ प्रकारचे मुरंबे चाखायला मांडले. २४ प्रकारांपाशी लोक जास्त थांबले, पण त्यांतील फक्त ३ टक्के लोकांनी मुरंबा विकत घेतला. ६ प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतला. पुढे इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांत दर वेळी हाच निष्कर्ष निघाला नाही; म्हणून हा काही अटळ नियम नव्हे. पण नमुन्यांचे गट पाडले असले, म्हणजे शंभरांतून एक निवडायचा गोंधळ टळतो. आधी रंगाचा गट निवडायचा, मग रुंदी, मग नक्षी. दर वेळी चारसहांतून एक.

नीट पाहिलेत, तर या सगळ्या मांडणीमागे एकच सूत्र आहे. दोन गोष्टींची तुलना करायची असेल, तेव्हा ज्या गुणाची तुलना करायची तो सोडून बाकी सारे सारखे ठेवा. प्रकाश सारखा, पार्श्वभूमी सारखी, अंतर सारखे, आणि नमुने एकमेकांशेजारी. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ हेच करतो. हे पाळले नाही, तर कुणीही खोटे न बोलता गिऱ्हाईक फसते.

तेव्हा घरातील एखादे चित्र मढवायला न्यायचे असेल, तर मोठ्यांबरोबर तुम्हीही जा. चित्र बरोबर न्या. नुसत्या आठवणीवर रंग निवडू नका. नमुना भिंतीवरून काढून चित्राला लावा आणि दारातल्या उजेडात पहा. पाठीवरची तारीख वाचा. तारीख नसेल, तर ताजी पट्टी मागा. माउंटचा गाभा पहा. काच चित्राला टेकणार नाही ना, हे विचारा. आणि खिशात दोन छोटे आरसे ठेवायला विसरू नका. ती युक्ती पाहून दुकानदारही खूश होईल!